लोक बोलायला लागलेत

दुकान माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण वर्षभरात तळेगावात ते कुणी मानेनासं झालं. तळेगाव ढमढेरेच्या एस.टी. स्टँडमागं, एका बाजूला शिंपी आणि दुसऱ्या बाजूला बी-बियाण्यांचं दुकान, यांच्या मधला गाळा मी घेतला होता. पुण्यात कॉट बेसिसवर राहून हार्डवेअरचा कोर्स केला होता. कॉम्प्युटर चालू करताना तो कसा बीप करतो एवढ्यावरून मी त्याचं दुखणं सांगायचो. माझा हात चांगला होता, आजही आहे. पण हात चांगला आहे हे गावाला कळावं कसं? तेव्हा तालुक्यात कॉम्प्युटर होते तरी कुठं? हायस्कूलमध्ये, पतसंस्थेत, दूध डेअरीत, दोन-तीन फोटो स्टुडिओंत आणि सणसवाडीकडं काही घरांत. बिघडले की हे सगळे पुण्याहून माणूस बोलवायचे. मी भलामोठा बोर्ड लावला. हजार पत्रकं छापून पेपरांत घालून वाटली. तिसऱ्या दिवशी दाढीला बसलो, तर न्हावी वस्तऱ्यावरचा फेस माझ्याच नावावर पुसत होता. ते पत्रक बघून आलेलं एकही गिऱ्हाईक मला आठवत नाही.

घर गावाबाहेर, मळ्यात. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला आम्ही सगळे अंगणात बसायचो. आबांचा रेडिओ बाजेवर वाजत असायचा. रस्त्यावर भाजी न्यायला येणाऱ्या जीपचा हॉर्न ऐकू आला की आई ओल्या गोणपाटाखालच्या जुड्यांवर आणखी एकदा पाणी शिंपडायची. मग चुलीवर भाकरी, हुलग्याचं माडगं आणि खलबत्त्यात कुटलेला लाल ठेचा. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ रघुनाथ, सणसवाडीच्या कंपनीत शिफ्टवर होता. अबोल माणूस. घरात शिकलेला, शहर बघितलेला म्हणजे मीच. आबा पाहुण्यांना सांगायचे, "आमचं धाकलं कॉम्प्युटरमधलं हाय." ते ऐकायला मी दाराआड थांबायचो, हे आता पन्नाशी ओलांडल्यावर कबूल करायला हरकत नाही.

दादाचं लग्न झालं आणि सुवर्णावहिनी घरात आल्या. त्या दौंडच्या. वडील रेल्वेत, क्वार्टरमध्ये वाढलेल्या. आमच्या मळ्यातल्या शांततेत पहिले काही दिवस त्यांना झोपच लागेना. गाडी गेल्याचा आवाज नाही तर रात्र झाली असं वाटत नाही, म्हणाल्या. लग्नाआधी त्या दौंडात एका टायपिंग-कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत होत्या. क्लासवाल्याला मेकॅनिकवर खर्च करायचा नसायचा, म्हणून बंद पडलेली मशीन वहिनीच उघडायच्या. उघडता उघडता शिकल्या. त्यांच्याकडं ना कोर्स, ना सर्टिफिकेट.

आईचा मिक्सर दोन महिने बंद पडून होता. मी रोज "बघतो" म्हणत होतो. वहिनींनी हळद फिटायच्या आतच तो उघडला, आतला झिजलेला कार्बन बदलला आणि शेंगदाण्याचं कूट करून दाखवलं. आबा जेवताना हसत म्हणाले, "सूनबाईनं मिक्सर चालू केला बरं का. आन् आमचं इंजिनेर बघतंच बसलंय!" सगळे हसले. मीही हसलो. कुटाची चटणी मात्र पानातच ठेवली. हेवा हा शब्द तेव्हा मला सुचला नसता. मी त्याला अन्याय म्हणत होतो.

वहिनींनी दुपारपर्यंत दुकानात बसावं हे दादानंच सुचवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "भाऊजी, आपलं दुकान आहे हे किती जणांना माहितेय?"

"बोर्ड एवढा मोठा हाय की."

"बोर्ड ज्याचा कॉम्प्युटर बिघडलाय तोच वाचणार. बिघडायच्या आधीच त्याला आपण आठवायला पाहिजे." मग जरा थांबून म्हणाल्या, "खर्च नको करायला. नुसतं लोकांच्या जवळ जाऊ."

जवळ जाणं म्हणजे काय, ते मी पुढच्या काही महिन्यांत डोळ्यांनी बघितलं. फोटो स्टुडिओतून त्यांनी वाया गेलेला चिकटकागद आणला, त्याचे तुकडे केले आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर, बटणाच्या शेजारी, काय काम केलं ते आणि दुकानाचा फोन नंबर स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवायला सुरुवात केली. हायस्कूलची कॉम्प्युटरची खोली शनिवारी फुकट झाडूनपुसून द्यायची ठरवली. मी म्हणालो, फुकट कशाला? त्या म्हणाल्या, "शाळेत सातशे पोरं आहेत. घरी जाऊन सांगतील." पोरांनी सांगितलं. आठवडे बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकानापुढं टेबल मांडलं आणि डेअरीचा बंद पडलेला कॉम्प्युटर सगळ्यांसमोर उघडला. आत धुळीची वळकटी, भुशाचे कण आणि पंख्याला चिकटलेली वाळकी पाल. बाजारकरू टोपल्या खाली ठेवून बघायला वाकले. "अगं बया, ह्याच्या पोटात पाल हाय!" वहिनी ब्रशनं एकेक भाग साफ करत सांगत होत्या, हे काय, ते काय, उसाच्या पट्ट्यात मशीन लवकर का तापतं. मशीन चालू झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजारात टाळ्या! मी आत गाळ्यात स्टुलावर बसून ऐकत होतो.

सणसवाडीला भाड्याच्या खोल्यांतून राहणारी बाहेरच्या राज्यांतली पोरं होती, दोघांतिघांत मिळून एखादा जुना कॉम्प्युटर घेतलेली. रेल्वे क्वार्टरमुळं वहिनींचं हिंदी सफाईदार. त्यांनी तिथल्या किराणा दुकानदाराचा काटा आणि कॅल्क्युलेटर नीट करून दिला आणि बदल्यात त्याच्या दारात आपल्या दुकानाचं नाव हिंदीत लिहिलेला पुठ्ठा टांगला. दादा सुटायच्या वेळेला त्या सणसवाडीला जायच्या, त्या दुकानात बसून दुखणी लिहून घ्यायच्या आणि दोघं एकाच बसनं परत यायची. आणखी एक सवय होती त्यांची. मशीन नेल्यावर तीन दिवसांनी त्या गिऱ्हाइकाला फोन करायच्या. "चालतंय ना नीट?" एवढंच विचारायच्या. आज कुठलीही कंपनी असा फोन करते आणि आपण वैतागून ठेवून देतो. तेव्हा लोकांना त्याचं केवढं अप्रूप होतं! पतसंस्थेचा क्लार्क मला म्हणाला, माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं कधी असं विचारलं नाही.

दुकान चालायला लागलं. आणि दुकान जसजसं चालायला लागलं तसतसा मी आतून जळायला लागलो. दारात येणारा माणूस मला बघून पहिलं विचारायचा, "ताई न्हाईत का?" मशीन मीच नीट करायचो, निम्म्याहून जास्त तरी. पण घेऊन जाताना "ताईंना सांगा, बेस हाय." शिंपी गिऱ्हाइकाला पत्ता सांगायचा, "ते ताईंचं दुकान न्हाई का, त्याला लागून." एका शनिवारी हायस्कूलच्या हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून कौतुकानं विचारलं, "तुम्ही ताईंच्या हाताखाली शिकता वाटतं?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्या दिवशी घरी वहिनींच्या आमटीत मीठ जास्त झालंय म्हणून मी ताट सारलं. मीठ बरोबर होतं. आबा रोज जेवताना आधी त्यांना विचारायचे, "काय सूनबाई, आज काय बाजार?" मग माझ्याकडं बघायचे. आई दुधावरची साय आता त्यांच्यासाठी काढून ठेवायची. कोण कुणाशी किती बोललं, कोण आधी कुणाकडं बघितलं, याचा पाढा मी मनात रोज म्हणायचो.

आपल्यालाही जमतं हे दाखवायला मी एकदा शिरूरला गेलो. कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात शिरलो आणि म्हणालो, तुमचा कॉम्प्युटर फुकट साफ करून देतो. वकिलांनी चष्मा काढला. "का?" वहिनी हसून काहीतरी बोलल्या असत्या. मी नुसता घाम पुसत उभा. "कुणाच्या केसचे कागद बघायला आलाय?" त्यांनी विचारलं, आणि मी जवळजवळ पळतच स्टँडवर आलो. घरी कुणाला सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मला वकिलांचा राग येत नव्हता, वहिनींचा येत होता.

मग पतसंस्थेचा निरोप आला. तिथले चेअरमन, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मोठे बागायतदार, त्यांच्या शब्दावर गावातली निम्मी कामं हलायची. संस्थेच्या सगळ्या शाखांमधल्या कॉम्प्युटरचं वर्षाचं काम द्यायचं होतं. निरोप्या दारात उभा राहून म्हणाला, "आप्पांनी ताईंना बोलावलंय." मी उठून शर्ट नीट केला. तो म्हणाला, "तुम्ही थांबा की दुकानात. ताईच पुरे." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चला ना तुम्हीपण." मी म्हणालो, मला काम आहे. त्या गेल्या. मी त्या दिवशी एकाही मशीनला हात लावला नाही.

संध्याकाळी दादा शिफ्टवरून आला. एकटाच, कारण वहिनी त्या दिवशी सणसवाडीला गेल्या नव्हत्या. अंगणात बाजेवर बसून चहा पीत होता. वहिनी आत आईला पतसंस्थेतली हकिकत सांगत होत्या, दोघींचं हसणं बाहेर येत होतं. मी दादाच्या शेजारी बसलो. ठरवून बसलो नव्हतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण वाक्य तोंडात तयार होतं.

"दादा, राग नको मानू. लोक बोलायला लागलेत."

"काय?"

"वहिनींबद्दल. सणसवाडीला जातात, ती बाहेरची पोरं... तू कंपनीत. मला काय न्हाई वाटत. पण लोक बोलत्यात."

दादानं काहीच विचारलं नाही. कोण बोललं, काय बोललं, कुठं बोललं, काहीही नाही. कप बाजेखाली ठेवला आणि मेथीच्या वाफ्याला पाणी सोडायला उठून गेला. दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या नाहीत. दादानं त्यांना एवढंच सांगितलं होतं, "थोडं दिवस घरी थांब."

खरं लिहायचं तर पहिले दोन दिवस मला सुख झालं. मी टेबल माझ्या सोयीनं फिरवलं. येईल त्याला सांगितलं, वहिनींना बरं नाही. तिसऱ्या दिवसापासून लोक दारातूनच परत जायला लागले. "ताई आल्या की येतो." आठवड्यानं स्टँडवरच्या चहावाल्यानं ग्लास पुढं करत आवाज खाली आणला, "काय झालं म्हनं तुमच्या वहिनीचं? एकदम घरी बसवलं. कायतरी असल्याबिगर का?" मी न पिताच ग्लास खाली ठेवला. तोपर्यंत वहिनींबद्दल गावात कुणी एक अक्षर वावगं बोललेलं नव्हतं. मी बोललो, त्यांना घरी बसवलं, आणि घरी बसवलं म्हणून आता लोक खरंच बोलायला लागले होते. हजार पत्रकं वाटून माझं नाव चार घरांत पोचलं नव्हतं. हे एक वाक्य आठ दिवसांत स्टँडवर पोचलं.

वहिनी घरात गप्प झाल्या. काम करायच्या, विचारलं तेवढं बोलायच्या. त्यांना कारण माहीत नव्हतं. आपलं काहीतरी चुकलं असं समजून त्या दादाच्या मागंपुढं करत होत्या, आणि तो नजर चुकवत होता. ते बघवत नव्हतं, पण तोंडही उघडत नव्हतं. शेवटी आईनं उघडलं. दादाकडून तिनं काढून घेतलं असावं. एका सकाळी आम्ही दोघंच जुड्या बांधत होतो.

"कोन बोललं रं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"काय?"

"सुवर्णाबद्दल. कोन बोललं?"

"लोक."

"लोकाला नाव असतंय. नाव सांग."

मी जुडी बांधत राहिलो.

"मी दर बाजाराला बसती," आई म्हणाली. "माळणीपास्नं कासारापतुर समद्यांशी बोलती. माझ्या कानावर न्हाई आलं, आन् तुझ्या आलं व्हय?" मग तिनं माझ्याकडं बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आज जेवताना समद्यांसमोर सांगायचं. न्हाईतर मी सांगती."

मी सांगितलं. आबा, आई, दादा, वहिनी, सगळे बसलेले. कुणी काही बोललेलं नव्हतं, मी खोटं बोललो, एवढी दोन वाक्यं. आबांनी ताटात हात धुतला. दादा उठून माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं. तो खाली बघत होता. वहिनींनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्या दादाकडं वळल्या.

"आणि तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत?"

वहिनींनी सगळ्यांची ताटं उचलली, घासली, पालथी घातली, ओटा पुसला आणि दुसऱ्या सकाळच्या गाडीनं दौंडला निघून गेल्या.

आईनं मला सोडलं नाही. ज्या ज्या दारी वहिनींनी दुकानाचं नाव नेलं होतं, त्या प्रत्येक दारी जाऊन हेच सांगायला लावलं. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं आणि दार दाखवलं. सणसवाडीच्या किराणावाल्यानं मला बसायला सांगितलं नाही, पुठ्ठा मात्र तसाच राहू दिला. आप्पा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "काम आमी ताईंनाच देणार हाय. दौंडावरनं येतील. तुमी त्यांच्या वाटंत येऊ नका, म्हंजी झालं." चहावाल्याला सांगणं सगळ्यात अवघड गेलं, कारण त्याला ऐकायला गंमत वाटत होती.

महिन्याभरानं दादानं आपली बॅग भरली. दौंडच्या बाजूला कुरकुंभच्या कारखान्यात काम बघितलं आणि तो तिकडं राहायला गेला. वहिनींनी त्याला घरात घेतलं, पण लगेच नाही, असं नंतर कळलं. त्यांनी क्वार्टरजवळ एका जिन्याखालच्या जागेत स्वतःचं काम सुरू केलं. आठवड्यातून एकदा त्या पतसंस्थेसाठी तळेगावला यायच्या. स्टँडवर उतरून माझ्या दुकानासमोरून जायच्या. मी आत मान खाली घालून एखादी केबल सोलत बसायचो आणि त्यांच्या चपलांचा आवाज पुढं गेला की लोक त्यांना थांबवून नमस्कार करताना ऐकायचो. इतकं सगळं होऊनही तो नमस्कार मला टोचायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण टोचायचा.

दिवाळीनंतर आईनं मला दौंडला पाठवलं. बाजरी, शेंगा, तिनं केलेला काळा मसाला, असं पिशवीत भरलं आणि म्हणाली, "माफी मागून ये. ती काय म्हनती ते मला येऊन सांग." न्हावरा, चौफुला करत मी दुपारी पोचलो. जिन्याखाली चार माणसं थांबलेली. वहिनी एका मॉनिटरचं मागचं झाकण काढत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत. "बसा भाऊजी," म्हणाल्या. चारही गिऱ्हाइकं संपेपर्यंत मी बसून राहिलो. प्रत्येकाशी कसं बोलत होत्या! एका म्हाताऱ्या गार्डला तर त्याच्या नातवाच्या परीक्षेचंही विचारलं. मग त्यांनी हात पुसले, माझ्यासाठी चहा सांगितला आणि समोर बसल्या.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं बोललो. जळत होतो हेही बोललो.

"आई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"सारख्या तुमचीच आठवण काढत्यात. रडत्यात."

त्यांनी टेबलावरचे सुटे स्क्रू डबीत भरले. यार्डात डबे जोडल्याचा दणका ऐकू आला. मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "आईंना सांगा, सुवर्णानं राग सोडला. मनापासून माफ केलं म्हणावं. त्यांचा जीव हलका होऊ दे." मी हात जोडायला लागलो, तसा त्यांनी हात वर केला. "तुम्ही ते खरं मानू नका, भाऊजी. ते आईंसाठी आहे. चहा घ्या, गार होतोय."

परतीच्या वाटेवर मला शरम वाटत होती, हे खरं. पण न्हावऱ्याकडं जाणारी गाडी धरायला चौफुल्यावर उभा असताना माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायलाच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. मनातलं असं तोंडावर, आवाज न चढवता बोलता येणं, आणि त्यातही माझ्या आईला सांभाळून घेणं, हे मला जन्मात जमलं नसतं. मला त्याचाही हेवा वाटत होता.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हनली?"

"राग सोडला म्हनाल्या. मनापासून माफ केलं."

"खरं?"

"व्हय."

आईनं पदरानं डोळे पुसले, कपाळाला हात लावून देवघराकडं बघितलं आणि माझ्यासाठी गरम भाकरी टाकायला आत गेली. पुढं ती पंधरा वर्षं जगली. सणावाराला वहिनी यायच्या, तिच्या पाया पडायच्या, तिच्या मांडीवर नातवंडं द्यायच्या, आणि मलाही न चुकता चहा आणून द्यायच्या. आई सगळ्यांना सांगायची, आमच्या घरात कुणाच्या मनात काही नाही. त्या वेळी मी आणि वहिनी एकमेकांकडं बघत नसू.